अवतरणचिन्ह चुकलं आणि पहाटेचं संकलन वहीवर गेलं

पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी फोन वाजला, तेव्हा नाव न बघताच कळलं की दूध संघ असणार. माझं दुसरं कुठलंही गिऱ्हाईक एवढ्या लवकर उठत नाही.

"सर, केंद्रांवनं फोनवर फोन यायलेत. काटा चालतोय, फॅट लागतीय, पण चिठ्ठी निघंना."

संघ पश्चिम महाराष्ट्रातला आहे, नाव सांगत नाही. त्यांचा डेटाबेस मी पुण्यातून सांभाळतो. फोनवरचा मुलगा त्यांच्या संगणक विभागातला, म्हणजे खरं तर तोच संगणक विभाग. हुशार आहे, पण त्याचा हात प्रिंटर, राउटर आणि काट्याच्या केबलींवर बसलेला. डेटाबेस हे माझं खातं, अशी आमची वाटणी होती. त्या दिवशी चूक माझ्या खात्यातली होती आणि ती दुरुस्त करायला हात मात्र त्याचेच लागले. ही हकीकत लिहायचं कारण तेच.

आधी व्यवस्था सांगतो. गावोगावच्या संकलन केंद्रांवर दूध काट्यावर जातं, नमुना यंत्रात जातो, यंत्र फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) सांगतं. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरून दरपत्रक बनतं. त्यावर-खाली पॉइंटमागे पैसे वाढतात किंवा कापले जातात. केंद्रावरचा संगणक हे दोन आकडे संघाच्या सर्व्हरला पाठवतो, तिथून दर येतो, शेतकऱ्याच्या हातात चिठ्ठी पडते. दर दहा दिवसांनी बिल निघतं, म्हणजे महिन्याच्या १, ११ आणि २१ तारखेला. सर्व्हर एकच, संघाच्या कार्यालयातल्या एका खोलीत. त्यावर उबुंटू २२.०४ (लिनक्सचा एक प्रकार), पोस्टग्रेस १४ हा डेटाबेस, १६ जीबी मेमरी.

माझी पोच किती, हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच फिरतं. मला व्हीपीएन, म्हणजे संघाच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट, होतं. व्हीपीएनमधून सर्व्हरचं एकच पोर्ट उघडं होतं, ५४३२, म्हणजे पोस्टग्रेसचं. त्यावर मी सुपरयूजर (डेटाबेसचे सगळे अधिकार असलेलं खातं) म्हणून लॉगिन करत असे. मशीनवर, म्हणजे आज्ञा टाइप करून मशीन चालवतात त्या लिनक्सच्या शेलवर, मला खातं नव्हतं. "बाहेरच्या माणसाला मशीनचा ताबा नको" असं संघाचं धोरण होतं, आणि मीही कधी वाद घातला नव्हता. लागायचंच काय शेल? सेटिंग बदलायला अल्टर सिस्टिम आहे की.

ती सोय पोस्टग्रेसमध्ये ९.४ आवृत्तीपासून आली, २०१४ च्या डिसेंबरात. त्याआधी दुरून सेटिंग बदलायची तर एक तर शेलवर जाऊन फाईल संपादित करायची, नाहीतर सर्व्हरवर अॅडमिनपॅक नावाचं एक्स्टेन्शन बसवून पीजीअॅडमिन या पोस्टग्रेस सांभाळायच्या प्रोग्राममधून ती फाईल उघडायची. दुसरा प्रकार मी केलाय आणि दर वेळी छातीत धडधडायचं. अल्टर सिस्टिममुळे ते सुटसुटीत झालं. साधी एसक्यूएल आज्ञा द्यायची, सर्व्हर ती पोस्टग्रेसक्यूएल.ऑटो.कॉन्फ नावाच्या वेगळ्या फाईलमध्ये लिहून ठेवतो. ही फाईल डेटा फोल्डरमध्ये असते, मूळ पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फच्या नंतर वाचली जाते, आणि दोन्हींत एकच सेटिंग असेल तर ऑटोतलं खरं धरलं जातं. हे शेवटचं वाक्य पहाटे साडेपाचला फार महाग पडलं. तिकडे येतोच.

संघाची तक्रार अशी होती की बिल काढायला पूर्वी तासभर लागायचा, आता चार तास लागतात. ऑगस्ट महिना, १८ तारीख, मंगळवार. २१ च्या बिलाच्या आत काहीतरी करा, असा निरोप आला. दुपारी अडीचच्या सुमाराला, सकाळचं संकलन आवरून संध्याकाळचं सुरू व्हायच्या आधी, मी व्हीपीएनवर बसलो.

चार गोष्टी केल्या. शेअर्ड_बफर्स (सर्व्हरची सामाईक मेमरी) अजून मूळच्या १२८ एमबीवर होतं, ते ४ जीबी केलं. वर्क_मेम (क्वेरी चालवताना लागणारी कामाची मेमरी) ४ एमबीचं १६ एमबी केलं. दोन सेकंदांपेक्षा जास्त चाललेली प्रत्येक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला केलेली विचारणा, लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींच्या फाईलमध्ये) यावी म्हणून एक सेटिंग लावलं. इथपर्यंत काही बिघडलं नाही. एकक लिहिण्याची सवय मला पूर्वीच्या एका फजितीने लावलेली आहे. शेअर्ड_बफर्सला एकक न लावता नुसता आकडा दिला तर पोस्टग्रेस तो ८ केबीच्या पानांत मोजतं, आणि वर्क_मेमला दिलेला तसाच आकडा मात्र केबीत. दोघांना ४०९६ दिलंत तर एकाला ३२ एमबी मिळतात, दुसऱ्याला ४. म्हणून आकड्यापुढे नेहमी '४जीबी' असं पूर्ण लिहायचं.

चौथी गोष्ट म्हणजे दोन लायब्रऱ्या, म्हणजे सर्व्हरला जोडायचे जादा भाग, चढवणं. पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स कुठली क्वेरी किती वेळा चालली आणि किती वेळ खाल्ला याचा हिशेब ठेवतं. ऑटो_एक्सप्लेन हळू क्वेरीचा आराखडा आपोआप लॉगमध्ये टाकतं. पहिलीला सर्व्हर सुरू होतानाच मेमरीत जागा लागते, म्हणून तिचं नाव शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीज या सेटिंगमध्ये द्यावं लागतं. मी आज्ञा दिली ती अशी (टर्मिनलवर अर्थात रोमनमध्ये):

अल्टर सिस्टिम सेट शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीज = 'पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स, ऑटो_एक्सप्लेन';

सर्व्हरने उत्तर दिलं: अल्टर सिस्टिम. म्हणजे झालं.

पोस्टग्रेसवर काम करणाऱ्यांपैकी निम्म्यांना या ओळीत काही खटकणार नाही, कारण मूळ कॉन्फ फाईलमध्ये हीच ओळ अगदी अशीच लिहितात आणि ती तिथे बरोबर असते. फाईलमध्ये ते अवतरणचिन्ह फाईलच्या व्याकरणाचं असतं. आतली यादी सर्व्हर स्वल्पविरामावर तोडून घेतो. एसक्यूएलमध्ये मात्र अवतरणांतला मजकूर हे एक मूल्य. सर्व्हरला वाटतं, या माणसाला एकच लायब्ररी हवी आहे आणि तिच्या नावातच स्वल्पविराम आणि मोकळी जागा आहे. तो बिचारा ते नाव फुटू नये म्हणून दुहेरी अवतरणांत गुंडाळतो आणि फाईलमध्ये लिहितो:

शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीज = '"पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स, ऑटो_एक्सप्लेन"'

बरोबर आज्ञेत दोन नावांना वेगवेगळी अवतरणं हवी होती आणि स्वल्पविराम त्यांच्या बाहेर. एवढाच फरक. असल्या नावाची लायब्ररी मशीनवर आहे का, हे अल्टर सिस्टिम तपासत नाही. ते तपासण्याची वेळ सर्व्हर सुरू होताना येते.

मग पीजी_रिलोड_कॉन्फ चालवलं, म्हणजे सर्व्हर बंद न करता त्याला सेटिंग पुन्हा वाचायला लावलं. वर्क_मेम आणि लॉगचं सेटिंग लगेच लागू झालं. उरलेली दोन रिस्टार्ट मागतात. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक सेटिंगला एक कॉन्टेक्स्ट असतो. काही कुठल्याही सेशनमध्ये बदलता येतात, काहींना रिलोड पुरतं, आणि ज्यांचा कॉन्टेक्स्ट पोस्टमास्टर आहे त्यांना सर्व्हर बंद करून चालू केल्याशिवाय गत्यंतर नाही. पीजी_सेटिंग्ज या व्ह्यूमध्ये, म्हणजे तक्त्यात, पेंडिंग_रिस्टार्ट असा रकाना आहे. त्यात या दोघांपुढे 'टी' आलेला बघितला, समाधान मानलं आणि लॅपटॉप मिटला.

तिथेच आणखी एक व्ह्यू आहे, पीजी_फाईल_सेटिंग्ज. फाईलींत प्रत्यक्ष काय लिहिलंय ते ओळीवार दाखवतो. तो उघडला असता तर ती दुहेरी अवतरणं डोळ्यांत भरली असती. मी उघडला नाही.

रिस्टार्ट एसक्यूएलमधून करता येत नाही, ते त्या मुलाने करायचं होतं. बुधवारी तो रजेवर. म्हणून गुरुवारी दुपारी, दोन संकलनांच्या मधल्या वेळात करू असं ठरलं. पावसाळा होता. गुरुवारी पहाटे तीनच्या सुमाराला वीज गेली. संघाला जनरेटर आहे, पण तो शीतकरणाच्या कॉम्प्रेसरसाठी. संगणकाची खोली त्याच्यावर नव्हती. यूपीएसने दम धरला तेवढा धरला. साडेचारला वीज आली, मशीन आपोआप चालू झालं, लिनक्स उठलं. पोस्टग्रेस उठलं नाही. रिस्टार्ट आम्ही ठरवलेल्या वेळेच्या साडेनऊ तास आधीच होऊन गेला होता.

आता फोनवरचा तास.

मी पुण्यातून व्हीपीएन जोडलं. पिंगला उत्तर येत होतं. पोस्टग्रेसला जोडायला गेलो तर 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. हे शब्द नीट ऐकायला शिकलं पाहिजे. 'टाइम्ड आउट' आलं असतं तर नेटवर्क, फायरवॉल, राउटर असा शोध घ्यायचा. 'रिफ्यूज्ड' म्हणजे घरापर्यंत पोचलो, दार वाजवलं, पण आत कोणी नाही. म्हणजे मशीन जिवंत आणि पोस्टग्रेस मेलेलं. आणि माझ्याकडे त्या घरात शिरायचं एकमेव दार पोस्टग्रेसच होतं. आदल्या दिवशीपर्यंत मी जगातली कुठलीही सेटिंग बसल्या जागी बदलू शकत होतो. आता माझीच ओळ पुसायला माझ्याकडे वाट नव्हती.

मुलाला म्हटलं, मशीनसमोर बस आणि पोस्टग्रेसच्या सेवेचं स्टेटस बघ. तो म्हणाला, "सर, हिरवं दावतंय की. अॅक्टिव्ह."

इथे आमची वीस मिनिटं गेली. मी फायरवॉल बघायला लावली, लिसन_अॅड्रेसेस (सर्व्हर कुठल्या पत्त्यांवर ऐकतो ते सेटिंग) बदललं असेल का म्हणून डोकं खाजवलं, राउटर बंद-चालू झाला. मग मला सुचलं. "हिरव्या अक्षरांपुढे कंसात काय लिहिलंय?"

"एक्झिटेड."

उबुंटू आणि डेबियनवर पोस्टग्रेसक्यूएल या नावाची जी सेवा आहे ती नुसती पाटी आहे. खरा सर्व्हर पोस्टग्रेसक्यूएल@१४-मेन अशा नावाच्या सेवेखाली चालतो, कारण एका मशीनवर अनेक आवृत्त्या असू शकतात. पाटी आपलं काम करून बाजूला होते आणि आत काय चाललंय याची पर्वा न करता हिरवी राहते. तिला बघून निदान करू नका. पीजी_एलएसक्लस्टर्स चालवा, ते खऱ्या सर्व्हरची स्थिती दाखवतं. त्याने चालवलं, आणि म्हणाला, "लाल. डाऊन."

मग लॉग. शेवटच्या दहा ओळी काढून वाचायला सांगितल्या. एकेक अक्षर तो मोठ्याने वाचत होता आणि मागून केंद्रांचे फोन वाजत होते. ओळ अशी होती: फेटल, कुड नॉट अॅक्सेस फाईल, अवतरण चालू, पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स, ऑटो_एक्सप्लेन, अवतरण बंद, नो सच फाईल ऑर डिरेक्टरी.

माझा पहिला तर्क चुकला. मला वाटलं, लायब्रऱ्यांचं पॅकेज बसवलेलंच नाही. त्याला एपीटीने, म्हणजे उबुंटूच्या पॅकेज बसवायच्या आज्ञेने, काहीतरी बसवायला सांगणार होतो. या आवृत्तीत त्या लायब्रऱ्या मुख्य पॅकेजबरोबरच येतात हे झोपेत आठवलं नाही. ओळ परत वाचायला लावली आणि तेव्हा कान टवकारले. "थांब. दोन्ही नावं एकाच अवतरणात आहेत? मधे स्वल्पविराम?"

"हो सर. कॉमा हाय मधे. एकच नाव असल्यागत."

मंगळवारी दुपारची ती ओळ डोळ्यांसमोर आली. मी काही वेळ काहीच बोललो नाही. त्याने विचारलं, "सर, हाय का लाइनीवर?"

दुरुस्ती सांगायला सोपी होती, ती ओळ काढ. पण माझ्या सांगण्याआधीच त्याने स्वतःच्या बुद्धीने एक गोष्ट केली होती. एटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधली पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ उघडून त्याने शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीजची ओळ शोधली, तिला निष्क्रिय ठेवणारं पुढचं # काढलं, मूल्य रिकामं ठेवलं, सर्व्हर चालू करून पाहिला. तीच चूक परत. आता त्याला वाटायला लागलं की लॉग जुना दिसतोय, किंवा फाईल सेव्ह होत नाहीये. त्याचं काही चुकलं नव्हतं. मूळ फाईल वाचली जात होती, आणि तिच्यामागून ऑटो फाईल येऊन तिच्यावर बोळा फिरवत होती.

ऑटो फाईल एटीसीमध्ये नसते, व्हीएआर-लिबमधल्या डेटा फोल्डरमध्ये असते. तिथे सीडी आज्ञेने शिरायला गेलं तर परमिशन डिनाइड, कारण तो फोल्डर पोस्टग्रेस या यूजरशिवाय कोणाला उघडत नाही. सुडो लावून, म्हणजे अॅडमिनच्या अधिकाराने, नॅनो या संपादकात फाईल पूर्ण पत्त्यानिशी उघडायला लावली. उघडली. आणि तो थबकला.

"सर, वरच लिहिलंय, ही फाईल हातानं बदलू नका म्हणून."

खरंच लिहिलेलं असतं. 'डू नॉट एडिट धिस फाईल मॅन्युअली', आणि खाली की अल्टर सिस्टिम ही फाईल नव्याने लिहील. नियम पाळणारा मुलगा. त्याच्या जागी मी असतो तर मीही विचारलं असतं. त्याला म्हटलं, ती सूचना सर्व्हर चालू असतानाची आहे, आता तुझ्याशिवाय तिला कोणी वाचणारं नाही. शेअर्ड_प्रीलोडपासून सुरू होणारी एकच ओळ काढ. बाकी तीन ओळींना हात लावू नको. काढायच्या आधी फाईलची प्रत करून ठेव.

६ वाजून ८ मिनिटांनी पीजी_एलएसक्लस्टर्सने ऑनलाइन दाखवलं. तोवर बहुतेक केंद्रांनी वजन आणि फॅट वहीत लिहून दूध घेतलं होतं. शेतकऱ्यांना चिठ्ठी नाही मिळाली, "दर काय लागला?" याला उत्तर नव्हतं, दोन-तीन ठिकाणी बाचाबाची झाली. वहीवरच्या नोंदी दुपारपर्यंत त्या मुलाने आणि लेखा विभागातल्या दोघींनी भरल्या. एकही लिटर हिशेबाबाहेर गेलं नाही. दूध संघांत वही अजून जिवंत आहे, हे त्या दिवशी आमचं नशीब.

फाईलला हात न लावता सर्व्हर उठवायची आणखी एक वाट होती, ती मला नंतर अंघोळ करताना आठवली. सर्व्हर सुरू करतानाच आज्ञेच्या ओळीवर उणे-सी देऊन त्या सेटिंगला रिकामं मूल्य देता येतं. पीजी_सीटीएलक्लस्टरला ते उणे-ओ मधून पोचवतात. आज्ञेच्या ओळीवरचं मूल्य दोन्ही फाईलींच्या वर असतं. सर्व्हर एकदा उठला की मी पुण्यातून अल्टर सिस्टिम रिसेट दिलं असतं आणि ओळ आपोआप गेली असती. त्या मुलाला फोनवर नॅनो शिकवावं लागलं नसतं.

या प्रकरणातली माझी चूक नुसती अवतरणाची धरली तर फार स्वस्तात सुटलो असं होईल. टंकनाच्या चुका होतात. खरी गोची अशी की रिलोड आणि स्टार्ट या दोघांचा स्वभाव वेगळा आहे आणि मी तो गृहीत धरला नव्हता. चालू सर्व्हरला रिलोड दिलंत आणि कॉन्फ फाईलमध्ये व्याकरणाची चूक असेल, तर तो लॉगमध्ये कुरकुर करतो आणि जुन्याच सेटिंगवर चालत राहतो. पीजी_एचबीए.कॉन्फ (कोणाला जोडू द्यायचं याचे नियम असलेली फाईल) बिघडली असेल तर तीही नाकारतो, जुने नियम चालू ठेवतो. त्यामुळे दुरून काम करणाऱ्याला वाटायला लागतं की हा सर्व्हर सगळं पोटात घालतो. तीच बिघडलेली फाईल सर्व्हर सुरू होताना समोर आली की तो सरळ नकार देतो आणि बंद राहतो. चूक मंगळवारी केलेली असो की मागच्या वर्षी, ती बाहेर पडते पुढच्या रिस्टार्टला, आणि तो रिस्टार्ट आपण ठरवलेलाच असेल असं नाही. वीज जाते, कर्नल अद्ययावत होतो, कोणीतरी चुकून बटण दाबतं.

याचं जगजाहीर उदाहरण गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेचं आहे, ३१ जानेवारी २०१७ चं. रेप्लिकेशन, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवर डेटाची प्रत ठेवणं, दुरुस्त करताना त्यांनी एक सेटिंग वाढवून पोस्टग्रेस रिस्टार्ट करायला घेतला, तर तो सेमाफोर (प्रोसेसमधला मेळ राखणारी साधनं) जास्त झाले म्हणून उठेना. कारण निघालं मॅक्स_कनेक्शन्स, म्हणजे एका वेळच्या कनेक्शनांची मर्यादा, ८०००. तो आकडा जवळजवळ वर्षभर तिथे होता आणि सर्व्हर त्यावर चालतही होता. २००० केल्यावर उठला. त्याच रात्री पुढे चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा फोल्डर पुसला गेला आणि सुमारे सहा तासांचा डेटा गेला; लोकांना आठवतं ते तेवढंच. मला त्या अहवालात दर वेळी ते वर्षभर गप्प बसलेलं ८००० दिसतं.

हा नुसता पोस्टग्रेसचा आजारही नाही. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या ८.० आवृत्तीत सेट पर्सिस्ट ही आज्ञा आली, ती जेसन या स्वरूपात अशीच एक ऑटो फाईल लिहिते. तिथे निदान ती फाईल न वाचता सर्व्हर सुरू करायचं एक सेटिंग आहे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये मेमरीची मर्यादा नको तेवढी खाली आणून सर्व्हर उठेनासा केलेले लोक मी पाहिलेत. त्यांच्यासाठी उणे-एफ लावून किमान सेटिंगवर सुरू करायची सोय आहे. पण उणे-एफ लावायलासुद्धा मशीनवर हात लागतो. फिरून तिथेच.

म्हणून शुक्रवारचं बिल चार तासांत का होईना निघाल्यावर मी संघात गेलो, कार्यकारी संचालकांसमोर बसलो आणि एसएसएचचं, म्हणजे दुरून शेलवर जायचं, खातं मागितलं.

"घोळ तुम्ही घातला, आणि वर आणखी किल्ल्या मागताय?" साहेब म्हणाले. प्रश्न रास्त होता.

मी त्यांना जे सांगितलं ते बऱ्याच ठिकाणी सांगावं लागतं, म्हणून इथे लिहितो. पोस्टग्रेसचा सुपरयूजर तुम्ही मला आधीच दिलाय. सुपरयूजरला कॉपी आज्ञेतून सर्व्हरवरचा कुठलाही प्रोग्राम चालवता येतो, पोस्टग्रेस या यूजरच्या नावाने. म्हणजे मशीनमध्ये शिरायची वाट माझ्याकडे आहेच. फक्त ती पोस्टग्रेस चालू असतानाच उघडते. जेव्हा खरी गरज असते नेमकी तेव्हा बंद. तुम्ही शेल नाकारून सुरक्षितता कमावलेली नाही, फक्त दुरुस्तीची वाट गमावली आहे. उलट करा. मला मर्यादित खातं द्या, सुडोमध्ये पोस्टग्रेस सुरू-बंद करणं, लॉग वाचणं आणि ती एक फाईल संपादित करणं एवढंच असू द्या, प्रत्येक लॉगिनची नोंद ठेवा. आणि रोजच्या कामासाठी माझं सुपरयूजर काढून घ्या; लागेल तेव्हा देत जा.

खातं मिळालं. सुपरयूजर मात्र काढलं नाही, "असू द्या, परत कोण देत बसणार" म्हणून. ते मला आजही पटलेलं नाही.

बाकी आम्ही काय बदललं ते थोडक्यात. रिस्टार्ट मागणारी सेटिंग आता रिस्टार्ट करायला माणूस समोर बसलेला असेल तेव्हाच लिहायची, आधी नाही. पेंडिंग_रिस्टार्टमध्ये काही अडकलं असेल तर रोज संध्याकाळी मला एक मेल येतो. बदल आधी माझ्या मशीनवर त्याच आवृत्तीच्या रिकाम्या पोस्टग्रेसवर करून तो खरंच उठतो का बघायचं. याला पाच मिनिटं लागतात आणि मंगळवारी मी ती वाचवली होती. अल्टर सिस्टिमनंतर पीजी_फाईल_सेटिंग्ज वाचायचं, एचबीएला हात लावला तर पीजी_एचबीए_फाईल_रूल्समधला एरर रकाना बघायचा. यूपीएसची बॅटरी बदलली. संगणकाची खोली जनरेटरवर घेतली, हे खरं तर सगळ्यात आधी व्हायला हवं होतं.

ऑटो_एक्सप्लेन शेअर्ड यादीतून काढलं. त्याला रिस्टार्टची गरजच नव्हती. सेशन_प्रीलोड_लायब्ररीजमध्ये टाकून रिलोडवर भागतं. पण तिथेही जपून. त्या यादीत न सापडणारं नाव गेलं तर रिलोडनंतरचं प्रत्येक नवं कनेक्शन नाकारलं जातं, तुमचंसुद्धा. म्हणून असा बदल करताना जुनं सेशन उघडं ठेवायचं, दुसऱ्या खिडकीतून नवं जोडून बघायचं, जोडलं तरच पहिलं मिटायचं. दुरून कुलपाशी खेळताना एक पाय उंबऱ्यात ठेवतात तसं.

कोणी म्हणेल, पोस्टग्रेस १७ मध्ये अलाव_अल्टर_सिस्टिम आलंय, ते बंद करून टाका, सगळी सेटिंग एका ठिकाणच्या फाईलीतूनच जाऊ देत. जिथे पन्नास सर्व्हर अॅन्सिबलसारख्या स्वयंचलित साधनाने चालतात तिथे बरोबर आहे. एका खोलीतल्या एका सर्व्हरला आणि एका मुलाला त्याची गरज नाही. शिवाय ते सुरक्षेचं कुलूप नव्हे, असं पोस्टग्रेसवाले स्वतःच सांगतात.

पुढच्या मंगळवारी दुपारी परत बसलो. दोन नावं नाहीत, या वेळी एकच: 'पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स'. मुलगा मशीनसमोर, फोन स्पीकरवर. रिस्टार्टला काही सेकंद लागले. मी विचारायच्या आत तो म्हणाला, "हिरवं हाय सर. कंसात काय न्हाई. ऑनलाइन."

आठवड्यानंतरच्या, १ तारखेच्या बिलाला आकडे हातात आले. सगळ्यात जास्त वेळ खाणारी क्वेरी अगदी किरकोळ निघाली: दरपत्रकातून एका फॅट-एसएनएफचा दर काढणारी. एकदा चालायला मिलिसेकंदही लागत नव्हता. पण बिलाचा प्रोग्राम ती प्रत्येक चिठ्ठीमागे पुन्हा चालवत होता, दहा दिवसांच्या, सगळ्या गावांच्या, सकाळ-संध्याकाळच्या प्रत्येक चिठ्ठीमागे. वर्षभरात केंद्रं वाढली, चिठ्ठ्या वाढल्या, तास वाढले. प्रोग्राम लिहिणाऱ्याने दरपत्रक एकदाच जोडून घेतलं आणि बिल वीस-पंचवीस मिनिटांवर आलं.

साहेबांनी विचारलं, "मग ती मेमरी वाढवून काय झालं?"

बिलाला काहीच झालं नाही, हे मी कबूल केलं. ते ४ जीबी अजून तसेच आहेत. काढायचे म्हटलं तर परत रिस्टार्ट लागेल.